येणे बाकी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत एक खिळा आहे. आता त्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर असतं. पूर्वी तिथं एक लोखंडी क्लिप असायची आणि क्लिपमध्ये वहीचं फाडलेलं पान. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते पान वाचलं होतं. वर ठळक अक्षरात ‘मूव्हमेंट ऑर्डर’ आणि खाली:

‘पहाटे 5.30 घरातून. मोरगिरी, गुणवंतगड, परत. सोबत कोणी नाही. भाकरी तीन, पाणी दोन बाटल्या. परत संध्याकाळी 6.00. उशीर झाल्यास 8.00पर्यंत काळजी करू नये. 8.00नंतर करावी.’

त्याखाली सही, आणि सहीखाली ‘हवालदार, निवृत्त’.

हे माझे सासरे. आमच्याकडे पाटण भागात सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. मी चिंचवडच्या कंपनी कॉलनीत वाढलेली, आईवडिलांना ‘आईबाबा’ म्हणणारी. मला पहिले काही महिने ‘मामा’ म्हटलं की लाल पँट घालून फिरायला नेणारा माझा सख्खा मामाच डोळ्यांपुढे यायचा. नंतर नंतर तो पुसट होत गेला आणि त्या शब्दाला खाकी हाफपँट, पांढऱ्या बारीक कापलेल्या मिशा आणि कडक तुकतुकीत नडग्या चिकटल्या.

त्या संध्याकाळी मी घड्याळाकडे बघत होते. सहाला तीन मिनिटं कमी असताना ते अंगणात आले, बूट काढले, झटकले, भिंतीशी टाचा जुळवून ठेवले. मग आत येऊन क्लिपमधला कागद काढला, चुरगळला नाही, दोन घड्या घालून चुलीत टाकला. आत्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, ‘‘आलासा?’’

‘‘आलो.’’

एवढंच. मला वाटलं, काय ही माणसं.

मामा 1962च्या शेवटी सैन्यात गेले. चीनशी युद्ध झालं होतं, भरती जोरात होती, साताऱ्याच्या मैदानात पोरांच्या रांगा लागल्या होत्या. सातारा जिल्ह्याला हे नवं नव्हतं. ज्या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात, तिथं घर नाही तर निदान गल्ली तरी फौजीशिवाय सापडत नाही. आमच्या गावातही चार-सहा जण असायचेच. मामा एकोणीस वर्षांचे, चौघा भावांतले तिसरे, जमीन म्हणजे डोंगरउताराचे तुकडे. ‘‘घरात एक ताट कमी झालं तर बरंच व्हतं,’’ असं ते सांगत. देशप्रेमाचं भाषण त्यांनी आमच्यापुढे कधी केलं नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणे म्हणून बोलावलं की तिथंसुद्धा ते मुलांना बुटाच्या नाड्या कशा बांधाव्यात ते दाखवून यायचे.

बेळगाव. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र 1922पासून तिथं आहे. त्या गावाचं नाव घेताना मामांचा आवाज माहेराबद्दल बोलणाऱ्या बाईसारखा व्हायचा. तिथून ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पल्टणीत गेले. 1768 साली उभी राहिलेली ही पल्टण. मामांना हे साल आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. बाहेरच्या जगात मराठा शिपायाला ‘गणपत’ म्हणत. कुणी तसं म्हटलं की मामा खूश व्हायचे, आत्या मात्र म्हणायच्या, ‘‘ह्यांचं नाव काय ते तरी विचारा कुनी.’’

1971च्या डिसेंबरची गोष्ट ते वर्षातून एकदाच सांगत, आणि तीही मुलं मागं लागली तर. पल्टण तेव्हा 95 माउंटन ब्रिगेडमध्ये होती, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. मेघालयाच्या बाजूनं खाली उतरून जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडायची आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूर या गावाच्या पाठीमागं जाऊन बसायचं. गावात 31 बलुच ही पाकिस्तानी पल्टण ठाण मांडून होती. इथं ती प्रसिद्ध पत्राची गोष्ट येते: ब्रिगेडिअर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीतला एक वयस्क माणूस पांढरं निशाण घेऊन ती पोचवून आला, आणि पलीकडच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. लेखणी चांगली चालवता, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन दिसू दे, अशा अर्थाचं काहीतरी लिहून.

मुलांचे डोळे इथं लकाकायचे. मामा मात्र लगेच पाणी ओतायचे. ‘‘आम्हाला ती चिठ्ठी महिन्यानं कळली. पेपरात आली तवा. त्या रात्री आम्हाला फकस्त दोन गोष्टी कळत हुत्या. एक, थंडी. दोन, पलीकडून पोरं चालत येत्यात.’’

10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री बलुच पल्टणीनं वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि ती थेट मराठ्यांच्या रोखलेल्या मशिनगनवर आली. त्यांची दोनशेच्या वर माणसं त्या एका रात्रीत गेली. सकाळी गाव पडलं. पाचच दिवसांनी ढाका. मामा ‘पडलं’ म्हणायचे, ‘जिंकलं’ म्हणायचे नाहीत. त्या सकाळचं त्यांनी एकच सांगितलं होतं, तेही मला एकटीला, कधीतरी उसाला पाणी देताना: रस्त्याच्या कडेला एक जण पडला होता, त्याच्या खिशातून घरून आलेलं पत्र अर्धं बाहेर आलं होतं. मामांनी ते आत सारलं. ‘‘दंव लय पडतं तिकडं. भिजलं असतं.’’

यापुढं काही विचारायची माझी छाती झाली नाही.

1980च्या जानेवारीअखेर मामा पेन्शनीत आले. बरोबर काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव; एक होल्डॉल; आणि डोक्यात एक हिशेब. तो हिशेब आम्हाला कळला एकोणचाळीस वर्षांनी. त्याआधी आम्हाला दिसत होता तो एक विचित्र माणूस.

विचित्र अशासाठी, की हा माणूस दिवसभर घरात ठरत नसे आणि रात्री घराबाहेर राहत नसे. पाटणच्या आसपासचा एकही डोंगर त्यांनी सोडला नाही. दातेगडावर ती कातळात खोदलेली, तलवारीच्या आकाराची विहीर आहे. तिच्या तळापर्यंत उतरून पाण्याची खोली मोजून यायचे. कशासाठी, तर ‘‘मागल्या वर्षी दोन हात जास्त होतं.’’ जंगली जयगडला तर अशा वाटेनं जायचे की परत आल्यावर अंगावरच्या जळवा मिठानं काढता काढता आत्यांचा अर्धा तास जायचा. सायकलवर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचे, तिथून सुकट घ्यायचे, आणि तो घाट सायकल मारत परत चढायचे. सुकटीसाठी. पाटणच्या बाजारात सुकट मिळते.

पण रात्री आठच्या आत घरी. मित्रांनी रायगडला मुक्काम ठोकला, हे नाही गेले. पल्टणीतल्या दोस्ताच्या मुलीचं लग्न अहमदनगरच्या बाजूला, हे पहाटे एसटीनं गेले आणि अक्षता टाकून मध्यरात्री परत. अपवाद एकच. 4 फेब्रुवारीला पल्टणीचा ‘मराठा डे’ असतो. 1670 साली त्या तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला म्हणून. त्यासाठी बेळगावला तीन रात्री. तेवढ्याच. गावात लोक हसायचे, की हवालदार बायकोला भितो.

1984मध्ये बुलेट आली. सैन्यात वापरून बाद झालेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यातली. फौजी हिरवा रंग तसाच. टाकीवरचा नंबर मामांनी खरवडला नाही, ‘‘ती पन पेन्शनर हाय’’ म्हणाले. याच बुलेटवर पुढे त्यांनी मला गाडी शिकवली. मी स्कूटीवाली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, एक वर, तीन खाली. माझे पाय चार दिवस एकमेकांशी भांडत होते. सुरू करायचं म्हणजे पूजाच: डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हळूच खाली न्यायची, अँपिअरचा काटा मधोमध आला की कळ सोडायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एक किक. काटा मध्यावर नसताना घाई केली तर किक उलटी फिरून नडगी फोडते. माझी फुटली. मामा शेजारी उभं राहून म्हणाले, ‘‘आता येईल. एकदा मार खाल्ला की काटा दिसायला लागतो.’’

खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग यायचा. नव्या सुनेनं पहाटे पाचला उठावं ही अपेक्षा मी समजू शकले असते. पण अंथरुणाच्या घडीचे कोपरे जुळले नाहीत म्हणून सासरा स्वतः ती घडी उलगडून पुन्हा घालून दाखवतो, आणि वर रागावत नाही, हे फार त्रासदायक असतं. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. मी पाटणला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जायचे, तर माझ्याकडूनही मूव्हमेंट ऑर्डर. मी एकदा चिडून लिहिलं, ‘जाते. परत येईन.’ मामांनी तो कागद वाचला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘कधी?’

1993च्या उन्हाळ्यात, माझ्या लग्नाच्या पाच वर्षं आधी, घरात एक चमत्कार घडला होता. त्याच्या कथा मी आल्यावर इतक्यांदा ऐकल्या की आता मला त्या स्वतः पाहिल्यासारख्या वाटतात. तेरा वर्षं घराबाहेर न झोपलेला हा माणूस एका संध्याकाळी म्हणाला, ‘‘लेहला जायचं. तू आनी मी. बुलेटवर.’’

आत्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या. नेसायला कायम लुगडं. गाव म्हणालं, बाई पडंल, मरंल. पण जरा विचार करा: नऊवारीसारखा मोटरसायकलला सोयीचा पोशाख दुसरा नाही. कासोटा घातलेला, दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून ऐटीत बसता येतं. पाचवारीतल्या बायका एका अंगाला लटकतात त्या पडतात. आत्यांनी वर मामांची जुनी फौजी जर्सी चढवली, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली आणि निघाल्या.

बुलेट पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात शिवून. तिथून रस्त्यानं मनाली. मनाली-लेह रस्ता सामान्य लोकांना खुला होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पावणेपाचशे किलोमीटर, आजची पोरं दोन दिवसांत उडवतात आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून दवाखान्यात बसतात. मामांनी जाताना पंधरा दिवस घेतले. सैन्याचा नियम आहे: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढं पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि शरीर हवालदाराचं असो नाहीतर हवालदाराच्या बायकोचं, त्याला रँक कळत नाही. म्हणून केलाँगला सहा दिवस मुक्काम. आत्यांना ते गाव आवडलं. तिथल्या बायका पाठीवर करंड्या घेऊन वाटाण्याच्या शेतात जायच्या, आत्या त्यांच्याबरोबर जायच्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. ‘‘खुरप्याला भाषा कशाला लागती,’’ असं त्यांचं म्हणणं.

मग सरचू, चौदा हजार फूट. चार तंबू, ट्रकवाल्यांचा एक ढाबा. इथं डोकं दुखलं ते मामांचं. नियम त्यांना पाठ, शरीर मात्र बिथरलं. आत्या ठणठणीत. नियमाप्रमाणे डोकं दुखतंय तोवर वर सरकायचं नाही. मामा तंबूत पडून, आणि आत्या बाहेर ढाबेवाल्याची गंमत बघत: त्याची डाळ काही केल्या शिजेना. त्या उंचीवर पाणी शंभर अंशांना पोचतच नाही, शहाऐंशीच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास नुसती नाचत राहते. आत्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण शिजत नाही ते सोडून द्यावं हे ठाऊक होतं. त्यांनी घरून आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं आणि स्टोव्हवर भाकऱ्या थापल्या. भाकरीला उकळीची गरजच नाही. तीन दिवस पंजाबी, डोग्रा आणि लडाखी ड्रायव्हर लसणाच्या चटणीबरोबर भाकरी खात होते. पीठ संपलं, मामांचं डोकं थांबलं, आणि हे पुढं निघाले.

टांगलांग लाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची खिंड, मागं प्रार्थनेच्या पताका, आणि पुढं बुलेटवर रेलून आत्या: लुगडं, जर्सी, पदर, आणि डोळ्यांवर मामांचा काळा चष्मा. मामा फोटोत नाहीत, ते कॅमेऱ्यामागं. पाहुणे विचारतात, ह्या कोण? मग आम्ही गप्पच बसतो आणि आत्या चहा घेऊन येतात.

लडाखनंतर मात्र मामा सुटले. हिमालयात पुन्हा दोनदा, नर्मदेच्या काठानं पायी महिनाभर, कोकण किनारा सायकलनं. कधी आत्या बरोबर, बहुतेक वेळा नाही. खिळ्यावरचे कागद लांब होत गेले. हे सगळं कौतुकानं सांगताना एक मध्येच सांगायला हवं: घराला याचा त्रास झाला. माझ्या नणंदेच्या बाळंतपणात मामा ओंकारेश्वराला होते. पेन्शनमधले पैसे टायरात जायचे. ‘साहसी माणूस’ हे बाहेरून ऐकायला छान वाटतं. आतून तो एक रिकामा पाट असतो, आणि ताट वाढायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

1999च्या नोव्हेंबरात तर हद्द झाली. बामणोलीहून नावेनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, वासोटा चढायचा, तिथून नागेश्वराच्या गुहेवरून कोकणात चोरवण्याला उतरायचं आणि एसटीनं चिपळूणमार्गे घरी. कागदावर ‘परत: दुसऱ्या दिवशी रात्री 8.00’. दुसऱ्या दिवशीचे आठ वाजले. नऊ वाजले. मोबाईल नव्हते. आत्या ओट्यावर बसून होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हाताला काही काम नसताना पाहिलं. दहा वाजता त्या उठल्या, क्लिपमधला कागद काढला, माझ्या नवऱ्याला दिला. ‘‘ह्या वाटेनं उलटं जावा. चोरवण्यापासनं.’’

माझा नवरा आणि दोघे चुलत दीर रात्रीच जीप करून कुंभार्ली उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी चोरवण्यातल्या एका घराच्या पडवीत मामा सापडले. घोट्याला हळदीचा लेप, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, आणि घरातल्या म्हाताऱ्याशी जमालपूरच्या गप्पा. उतरताना पाय घसरला होता, रात्र कपारीत काढली होती, सकाळी गुराख्यांनी उचलून आणलं होतं. हाड मोडलं होतं.

घरी आणल्यावर आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. पायाला प्लास्टर होतं ते सहा आठवडे, आणि आत्यांचा हुकूम पुरं एक वर्ष: गावाच्या शिवेबाहेर पाऊल नाही. मामा आम्हाला डोळा मारून म्हणायचे, ‘‘क्वार्टर गार्डात हाय मी.’’ म्हणजे पल्टणीच्या कोठडीत. पण त्यांनी ते वर्ष पाळलं. बुलेटची किल्ली आत्यांच्या कनवटीला. त्याच वर्षात मी गाडी शिकले, कारण गाडी उभी राहून खराब होईल अशी काळजी त्यांना, आणि चालवायची परवानगी फक्त मला.

मामा 2019च्या नोव्हेंबरात गेले. शहात्तर वर्षांचे होते. आठवडाभर आधी मीच त्यांना बुलेटवर मागं बसवून बँकेत नेऊन हयातीचा दाखला देऊन आणला होता. दरवर्षी काउंटरवरच्या माणसाला ते विचारायचे, ‘‘बघा बरं, हाय ना जिवंत?’’ त्या वर्षीही विचारलं. पहाटे चहा घेतला, ओट्यावर बसले, आणि मान कलली. यापेक्षा जास्त काही नाही सांगण्यासारखं.

तेराव्यानंतर आम्ही काळी पेटी उघडली. कोट, मेडल, डिस्चार्ज बुक, जुन्या मनीऑर्डरींच्या पावत्या रबर लावून. तळाशी एक बांधीव वही. पहिल्या पानावर लाल शाईनं आखलेले रकाने. वाचायला मला थोडा वेळ लागला.

लग्न 1964च्या फेब्रुवारीत झालं. तिथपासून पेन्शनीत येईपर्यंत सोळा वर्षं, दिवस 5,844. सुट्टीची प्रत्येक चिठ्ठी बघून मांडलेले घरचे दिवस 1,012. 1965 आणि 1971ला सुट्टी रद्द, तिथं रेघ. वजाबाकी केलेली. खाली, दोनदा अधोरेखित: ‘देणे 4,832’.

आणि पुढची सगळी पानं, 1 फेब्रुवारी 1980पासून, रोजची एक उभी रेघ. आत्या ज्या छपराखाली त्याच छपराखाली मामा झोपले, अशी एक रात्र म्हणजे एक रेघ. 1981पासून दर फेब्रुवारीत तीन मोकळी चौकटं, बेळगावची. पानामागून पान. 2 जून 1993ला रेघा संपतात. त्या दिवसापुढं ‘0’, आणि त्याच्याभोवती पोरकट म्हणावं असं एक गोल.

माझा नवरा वही हातात घेऊन बाहेर निघून गेला. त्याला सांगता येत नव्हतं, पण त्याच्या लहानपणी त्याचे वडील रोज रात्री घरी का असायचे आणि नंतर एकाएकी का नसायचे, याचं उत्तर एका रकान्यात लिहिलेलं होतं.

मी आत्यांना ते वाचून दाखवलं. मला वाटलं, त्या रडतील. मीच रडत होते. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘येडं मानूस.’’

मग बराच वेळानं बोलायला लागल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

‘‘माझं काय येनं न्हवतं ग त्यांच्याकडं. मला विचारलं का कंदी? सोळा वर्सं मी एकलीनं काढली. कोयनेचा भूकंप झाला तवा पोरगी दीड वर्साची.’’ ती पहाट 11 डिसेंबर 1967ची, चार वाजून गेले होते. आत्या पोरीला घेऊन बाहेर आल्या, तिला शेजारणीच्या हातात दिलं आणि गाय सोडायला पुन्हा आत गेल्या. पडवीची भिंत त्यांच्या मागं कोसळली. मामांना त्यांनी लिहिलेलं कार्ड पेटीतच होतं, चौथीपर्यंतच्या शाळेचं अक्षर: ‘पडवीची भिंत गेली. गाय वाचली. पैसे लवकर धाडा.’

त्या पैशांत भिंत उभी केली. पुढच्या पैशांत दीड एकर घेतलं, भावाला बरोबर नेऊन, स्वतः मोजणीला उभं राहून. मग विहीर. ‘‘चांगलं चाललं व्हतं माझं. आनी ऐंशी साली हे आलं. आल्या आल्या खुरपी वळीनं लावली. गड्यांची हजेरी घ्यायला लागलं पहाटं. तीन बाया काम सोडून गेल्या. मी म्हनलं, चार दिसांनी थंड हुईल. कशाचं काय. आनी मी माहेरी गेले की मागनं हजर! रात्री मुक्कामाला. तेरा वर्सं मी आईपाशी एक रात निवांत झोपले न्हाई. भावजया हसायच्या. मला वाटायचं, संशय घेतंय का काय मानूस.’’

मी वहीकडं पाहिलं. ‘आत्या ज्या छपराखाली.’ आत्या माहेरी असल्या तरी रेघ तिथं मोजायची होती.

‘‘म्हनून लेहचं नाव काढलं तवा मी हो म्हनले,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, एकदा ह्या मानसाला डोंगर दावून आनावा, म्हंजी नंतर तरी फिरतीला लागंल. आनी लागला की.’’

त्या हसल्या. मग वहीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘ती शेवटची रेघ कवाची म्हनलीस?’’

‘‘दोन जून. त्र्याण्णव.’’

आत्या गप्प झाल्या. ओठ हलत होते, काहीतरी मोजल्यासारखे. ‘‘पेरनीच्या तोंडाला. बियान्याचं पैसं द्यायचं व्हतं आनी हे पाटनला जाऊन जिलेबी घेऊन आलं. अर्धा किलू. सन न्हाई, वार न्हाई. मी म्हनलं, कशापायी? तर म्हनलं, सहज.’’

अंगणात कुणीतरी गाय सोडत होतं.

‘‘लय शिव्या घातल्या मी,’’ आत्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. ‘‘ती वही पेटीत नगं ठेवू. तळाला वल धरतीया.’’